तात्यांची चौथी ओळ

गेल्या आठवड्यात चौकात फ्लेक्स लागला. वर तात्यांचा फोटो, बाजूला फुटबॉल, खाली मोठ्या अक्षरात ‘फुटबॉलमहर्षी’. मी गाडीवरून चाललो होतो, करकचून ब्रेक दाबला. आमच्या बारामतीत एवढा मोठा फोटो दोनच वेळा लागतो, माणूस निवडून आला की, नाहीतर गेला की. गाडी बाजूला घेऊन खालचं बारीक वाचलं तेव्हा कळलं, तात्या धडधाकट आहेत. फक्त फायनल भरवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांना त्यांची गरज लागली होती.

फायनल म्हणजे आमचा कॅनॉल इलेव्हन आणि इंदापूरचा धरणकाठ क्लब. दरवर्षी कोण कोण येतं, सोळा-सोळा संघ येतात, पण शेवटी हेच दोघं उरतात आणि दोन तालुके आठवडाभर एकमेकांना पाण्यात बघतात. तीन वर्षांपूर्वी ह्याच चौकात तात्यांना फितूर म्हणाले होते. आता त्यांनाच महर्षी करून खांबाला बांधलं. त्या फ्लेक्सखाली उभा राहून मी इतक्या शिव्या दिल्या की पानवाल्यानं मान बाहेर काढली.

मी शाळामास्तर आहे. सांगवीकडच्या एका शाळेत मराठी शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी लग्नात, सत्कारात, फायनलला माईक धरतो. निवेदक म्हणजे गोड बोलणारा माणूस, असं लोकांना वाटतं. मला हे गोड सांगता येणार नाही. पण आता तात्यांबद्दल जो तो काहीबाही सांगत सुटलाय, कुणी म्हणतं ते तरुणपणी मोठे खेळाडू होते, कुणी म्हणतं त्यांना मैदान बोलून दाखवतं. सगळा फालतूपणा आहे. तात्यांनी जन्मात फुटबॉलला पाय लावलेला नाही.

ते पाटकरी होते. कालव्याचं पाणी कुणाच्या शेतात किती वेळ सोडायचं, ते बघणारा माणूस. जन्म निमगाव केतकीचा, म्हणजे इंदापूर तालुक्यातला. नोकरी बारामतीत आणि घर काटेवाडीच्या रस्त्याला. कालवा आधी बारामतीत येतो आणि मग इंदापूरला जातो. ह्या एवढ्याशा गोष्टीवर दोन तालुके पिढ्यान्‌पिढ्या भांडतायत. तिकडचे म्हणणार, तुम्ही आमचं पाणी पिता. इकडचे म्हणणार, तुम्हाला मोजता येत नाही. ह्या दोघांच्या मध्ये तात्यांनी नोकरी काढली आणि कुणाच्या बांधावर चहासुद्धा घेतला नाही. चहा घेतला की दहा मिनिटं जास्त सोडावी लागतात, म्हणायचे.

कालव्याच्या भरावावरून सायकलीनं जाताना खाली आमचं मैदान दिसतं. तात्या दोन वर्षं नुसतं जाता-येता बघत होते. मी तेव्हा कॅनॉलचा राखीव खेळाडू, म्हणजे बाटल्या भरणारा. एक दिवस तात्या सायकल खाली घेऊन आले आणि कप्तानाला म्हणाले, ‘‘तुमचं मैदान वाकडं हाय.’’

कप्तान म्हणाला, ‘‘आम्ही रोज खेळतो, आम्हाला कळत नाही का?’’

‘‘खेळताय म्हणून कळत न्हाय. आधी पाणी वतू.’’

त्यांनी सायकलीची बादली काढली, मधल्या रेषेवर ओतली आणि चवड्यावर बसले. पाणी निवांत बाजाराच्या बाजूला चाललं. मग लिंबाच्या कोपऱ्यात वळलं. तात्या त्याच्या मागं मागं बसूनच सरकत गेले, बदकासारखे. ‘‘बॉल बी हितनंच जाणार,’’ म्हणाले. ‘‘तुमी सगळे तिकडं पळताय. एक माणूस हितं उभा करा, काय करू नका, नुसता उभा करा.’’ त्या सालच्या फायनलला त्या नुसत्या उभ्या माणसानं दोन गोल केले.

तेव्हापासून ‘उद्याचं’ सुरू झालं. फायनलच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सहाला मैदानावर स्टेज असतं, आणि तात्या दोन्ही संघांचा सराव बघून, मैदानभर पाणी ओतून, उद्या काय काय होऊ शकतं ते लिहून आणायचे. पाणीपाळीच्या जुन्या तक्त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर. सगळे त्याला ‘तात्यांचं उद्याचं’ म्हणायचे. इंदापूरहून जीपा भरून लोक ऐकायला येत. वाचायचो मी. तात्या माईकला हात लावत नसत, दहा माणसांनी तोंड लावलेली वस्तू उष्टी, म्हणायचे. कागद देताना त्यांची एकच अट होती, आणि दरवर्षी ती नव्यानं सांगायचे.

‘‘मास्तर, जसं लिवलंय तसं. आपल्या मनाचं घालायचं न्हाय आन्‌ माझ्या मनाचं गाळायचं न्हाय.’’

काय लिहायचे म्हणता? ‘धरणकाठचा नऊ नंबर डाव्या पायानं बॉल थांबवतो आणि उजव्यानं मारतो. मध्ये एक श्वास जातो. तेवढ्यात त्याला गाठावं.’ ‘कॅनॉलचा कप्तान तापट आहे. त्याला पहिली पंधरा मिनिटं पास देऊ नये, म्हणजे निवळतो.’ ‘रेफ्रीनं मटण खाऊन येऊ नये, मागच्या साली दुसऱ्या हाफात पळाला नाही.’ रेफ्री स्टेजच्या खालीच उभा असायचा. दोन्ही संघांची अंडीपिल्ली दोन्ही संघांसमोर. एकदा आमच्या कप्तानानं रागानं विचारलं, ‘‘आमचं त्यांना कशाला सांगताय?’’ तात्या म्हणाले, ‘‘पाळीचा टाईम दोन्ही काठांना सांगायला लागतो.’’

जिंकणार कोण, ते मात्र कधी लिहिलं नाही. विचारलं की म्हणायचे, ‘‘ते लिवलं मग खेळताय कशाला? घरी जावा.’’

आणि हा माणूस फायनल बघायचा नाही. शिट्टी वाजली की सायकलीवर टांग. पाणी सोडल्यावर पाटकऱ्यानं बांधावर थांबलं की लोक हात ओढतात, म्हणून थांबायचं नाही, असा त्यांचा हिशेब. सोमवारी भेटले की स्कोअर विचारायचे नाहीत. ‘‘उद्याचं कुठं चुकलं?’’ एवढंच. चुकलेलं सांगितलं तर खूश व्हायचे, खिशातला कागद काढून तिथंच टिपायचे.

त्यांचा ताप काय कमी नव्हता. माझ्या घराच्या वास्तुशांतीला आले, हातात आहेर नाही, काही नाही, सरळ न्हाणीघरात गेले आणि तांब्याभर पाणी ओतलं. पाहुणे पंगतीत बसलेले. तात्या आतून ओरडले, ‘‘मास्तर, पाणी झोपायच्या खोलीकडं चाललंय.’’ सासरे, मेहुणे, गवंडी, सगळ्यांसमोर. बायको म्हणाली, ह्यांना परत घरात आणायचं नाही. मला पण असा राग आला की मी हट्टानं फरशी बदलली नाही. आज चौदा वर्षं झाली. आंघोळ झाली की मी खराट्यानं पाणी मोरीकडं ढकलतो. रोज. माझा हट्ट हा असा आहे, हे लक्षात असू द्या, पुढं कामाला येईल.

आता दत्ता. कॅनॉलचा गोलकीपर, काटेवाडीचा, घरी आठ गाया. तीन वर्षांपूर्वी सत्तावीस-अठ्ठाविशीतला असेल. पोलीस भरतीची तयारी करत होता, आधी दोनदा थोडक्यात राहिलेला, आणि हे वय संपायच्या आतलं शेवटचं वर्ष. भरतीची मैदानी चाचणी फायनलनंतर वीस दिवसांवर होती. तात्या त्याला रोज सकाळी कालव्याच्या भरावावर पळवायचे. सोळाशे मीटर त्यांनी पावलांनी मोजून दोन दगड रंगवले होते. दत्ता पळायचा आणि तात्या सायकलवर घड्याळ धरून मागं मागं. ‘‘चार सेकंद खाल्लीस,’’ म्हणायचे. ‘‘काल रात्री काय हाणलं?’’ घरच्या लोकांनी त्याला फायनल खेळू नको म्हणून सांगितलं होतं. तात्या म्हणाले, ‘‘खेळू द्या. मैदान मी बघतो.’’ त्यांच्या ह्या शब्दावर दत्ता उतरला.

त्या साली अध्यक्षांनी मैदान दुरुस्त करून घेतलं होतं. बाजाराकडच्या गोलसमोर जुना खड्डा होता, पाणी साठायचं. तो त्यांनी प्रेसमडनं भरला. उसाचा रस गाळल्यावर कारखान्यात जो काळा चोथा उरतो, तो. शेतात खत म्हणून चालतो, फुकटात पडतो, म्हणून आमच्याकडं कुठंही खड्डा दिसला की ट्रॉली उलटी करतात. ताजी प्रेसमड वरनं सुकते आणि आत लोण्यासारखी राहते, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोराला माहिती आहे. तरी वर चार बोटं लाल माती टाकली, रोलर फिरवला. दिसायला असं झकास की फोटो काढले लोकांनी.

तात्यांनी आदल्या दिवशी सकाळी तिथं बादली ओतली. मी तिथंच होतो, माईकच्या वायरी बघत. पाणी वाहिलं नाही. थांबलंही नाही. तात्यांनी दुसरी बादली ओतली, तीही आत जिरली. मग टाचेनं दाबून बघितलं आणि घरी गेले.

संध्याकाळी कागद दिला. नऊ ओळी होत्या. चौथी अशी होती: ‘बाजाराकडच्या गोलसमोर पंधरा फूट जागा पोकळ आहे. खाली प्रेसमड आहे. तिथं कुणी पाय टाकू नये, गोलकीपरनं तर नाहीच. मॅच इंदापूरला खेळवावी.’

स्टेजमागं मी वाचत होतो आणि अध्यक्ष माझ्या खांद्यावरून वाचत होते.

‘‘चौथी सोडा,’’ म्हणाले.

‘‘तात्यांचं काही सोडत नाहीत साहेब.’’

‘‘मास्तर, म्हातारा फायनल इंदापूरला न्या म्हणतोय. कळतंय का? निमगावचा आहे तो. शेवटी रक्त बोललं.’’ मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘मांडव घातलाय, उद्या प्रमुख पाहुणे येतायत. ते तुमचा आवाज ऐकून गेले की पुढच्या महिन्यात त्यांचा मोठा कार्यक्रम आहे, तिथंही तुम्हीच. मी शब्द टाकलाय. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला सांगायला नको.’’

बास. एवढ्यावर मी विकला गेलो. कुणी धमकावलं नाही, कुणी काही दिलं नाही. एका मोठ्या स्टेजवर उभं राहायला मिळेल म्हणून. मी माईक घेतला आणि तिसऱ्या ओळीवरून पाचव्या ओळीवर आलो. इतक्या सफाईनं आलो की कुणाला फट दिसली नाही. तात्या लिंबाखाली उभे होते. त्यांनी मान वर केलेली मला दिसली. त्यानंतर मी त्या बाजूला बघितलंच नाही, आणि वाचून झाल्यावर चहाला म्हणून स्टेजच्या मागून निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी मांडव भरला, पाहुणे आले, संघ मैदानात उतरले. तेवढ्यात तात्या बादली घेऊन बाजाराकडच्या गोलसमोर गेले. त्यांना वाटलं असणार, कागदानं नाही झालं तर डोळ्यांनी दाखवू. एकट्या दत्ताच्या कानात सांगणं त्यांना जमणारं नव्हतं, सांगायचं ते दोन्ही काठांना. त्यांनी पाणी ओतलं आणि हात करून लोकांना बोलावायला लागले. अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं. आणि मी, ह्या तोंडानं, माईकवरून म्हणालो, ‘‘तात्या, या बाहेर. तिथं ऊस लावलेला नाही.’’

सगळं मैदान हसलं. पाहुणेसुद्धा हसले. मला अजून ते हसू ऐकू येतं आणि त्या वेळी ते मला आवडलं होतं, हे सांगताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. तात्या रिकामी बादली घेऊन बाहेर आले. शिट्टी वाजली. पण ते सायकलीवर बसले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते थांबले, त्याच गोलच्या मागं, बादली धरून.

दुसऱ्या हाफात तो गोल आमच्याकडं आला. धरणकाठचा नऊ नंबर एकटा बॉल घेऊन सुटला. दत्ता पुढं धावला, डावा पाय रोवला, आणि पाय आत गेला. घोट्याच्या वर. अंग वळलं, पाय वळला नाही. जमिनीतून काळं वर आलं. नऊ नंबरला समोर रिकामा गोल होता. त्यानं बॉल तसाच सोडला आणि दत्ताच्या डोक्याखाली हात घातला. तात्या त्याच्या आधी पोचले होते, म्हातारा माणूस, कसे पळाले कुणास ठाऊक. आणि मी माईकवर काय बोलत होतो? ‘‘किरकोळ दुखापत आहे, प्रेक्षकांनी शांतता राखावी.’’ तीनदा म्हणालो. किरकोळ.

दत्ताचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, चालतो, पण पळता येत नाही. भरतीच्या दिवशी तो प्लास्टरमध्ये होता.

आता खरा राग येण्यासारखं पुढं आहे. दुसऱ्या दिवशी चौकात बोललं जायला लागलं की तात्यांनीच मॅचच्या आधी पाणी ओतून जमीन भिजवली. निमगावचा माणूस, इंदापूरचं काम केलं. फितूर. पहिल्यांदा कोण म्हणालं, ते मला पक्कं माहिती आहे, कारण अध्यक्ष माझ्यासमोर म्हणाले आणि वर मलाच म्हणाले, ‘‘तुम्ही तर माईकवरून बाहेर बोलावलं होतं त्यांना. साक्षीदार आहात.’’ तात्यांचा कागद माझ्या शर्टाच्या खिशात होता. मी तो काढला नाही.

दवाखान्यात मी आणि तात्या एकाच वेळी पोचलो. दत्ताचा पाय वर टांगलेला. त्यानं तात्यांकडं बघितलं आणि सरळ विचारलं, ‘‘तात्या, तुमी पाणी वतलं हुतं ना आदल्या दिवशी? मैदान मी बघतो म्हणला हुता. मग लिवलं का न्हाय?’’

तात्या माझ्याकडं वळले. मी सलाईनच्या बाटलीकडं बघत राहिलो. थेंब मोजत होतो म्हणा ना.

‘‘लिवलं हुतं बाळा,’’ तात्या म्हणाले. ‘‘माझं अक्षर घाण. मास्तरला लागलं नसंल.’’

दत्ता म्हणाला, ‘‘एवढं मोठं लिवायचं आन्‌ असं लिवलं की वाचता येत न्हाय?’’ त्यानं तोंड भिंतीकडं केलं. त्यानंतर तो तात्यांशी बोलला नाही. तीन वर्षं. काटेवाडीच्या डेअरीत आता तो दूध घ्यायला बसतो, फॅट मोजतो. तात्या रोज सकाळी घरच्या दुधाची चरवी घेऊन जायचे. तो आकडा लिहून पावती पुढं सरकवायचा आणि वर बघायचा नाही.

अक्षर लागलं नाही म्हणे. वर्गात साठ पोरं आहेत माझ्या. एकेकाचं अक्षर असं की त्याच्या आईला वाचता येणार नाही. मी सगळ्यांचे पेपर तपासतो. तात्यांचं अक्षर तर पाटबंधारे खात्यातलं, सरळ, टपोरं, आकडे एकाखाली एक. ते मला न लागायला मी आंधळा होतो काय? पण त्या खोलीत एक वाक्य बोलायचं होतं, ते मी बोललो नाही. आणि एकदा बोललो नाही म्हटल्यावर मग माझा हट्ट सुरू झाला, ती फरशी बदलली नाही तसा.

ह्याच्यावर तात्यांनी काय करावं? महिन्याभरानं माझ्या घरी आले. हातात दुरेघी वही. पहिलीतल्या पोरांची असते ती.

‘‘मास्तर, जरा अक्षर वळणदार करावं म्हणतो. बघा बरं, आता लागतं का?’’

दोन रेघांच्या मध्ये क, ख, ग गिरवले होते. पंचाहत्तरी गाठलेल्या माणसानं. मी म्हणालो, ‘‘लागतं तात्या.’’ पुढच्या गुरुवारी परत आले. परत वही. ‘‘ज्ञ नीट आलाय का?’’ असं दर गुरुवारी. बायको त्यांना आता चहा द्यायची, घ्यायचे नाहीत. मी लाल पेनानं त्यांचे श आणि ळ सुधारून द्यायचो. मला एवढं कळेना की हा माणूस खरंच भोळा आहे की मला सोलून काढतोय. त्यांनी एकदा, फक्त एकदा माझी गचांडी धरली असती तर मी सुटलो असतो. पण नाही. वही मिटायचे, ‘‘येतो मास्तर’’ म्हणायचे आणि जाता जाता न्हाणीकडं बघायचे. मग मला त्यांचाही राग यायचा. इतका यायचा की गुरुवारी मुद्दाम घराबाहेर राहायला लागलो. तर वही बायकोकडं ठेवून जायचे.

ह्या तीन वर्षांत ‘उद्याचं’ बंद होतं. आदल्या दिवशी स्टेजवर डीजे लागायचा. इंदापूरच्या जीपा यायच्या बंद झाल्या, गर्दी निम्म्यावर आली. म्हणून ह्या साली अध्यक्ष शाल घेऊन तात्यांकडं गेले आणि तो फ्लेक्स लागला. तात्यांनी शाल घेतली नाही. ‘‘मैदान उकरून भरणार असाल तर लिवतो,’’ म्हणाले. मग प्रेसमड निघाली, मुरूम पडला. तात्या उभं राहून बघत होते.

शनिवारी संध्याकाळी तात्यांनी स्टेजमागं माझ्या हातात कागद दिले. दुरेघीचे अकरा कागद. जे पूर्वी एका पानात बसायचं, ते अकरा पानांवर, एकेक अक्षर बोटभर उंच.

‘‘आता लागंल,’’ म्हणाले.

माझ्या डोक्यात काय झालं ते मला सांगता येत नाही. तो जुना कागद तीन वर्षं माझ्या पाकिटात होता, घड्यांवर फाटत आलेला. स्टेजवर गेलो. समोर दोन्ही तालुके. रसवंतीच्या गाड्याजवळ दत्ता मोटरसायकलला टेकून उभा होता. मी अकरा कागद टेबलावर ठेवले आणि तो जुना काढला.

‘‘हे तीन वर्षांपूर्वीचं आहे,’’ म्हणालो आणि चौथी ओळ वाचली. सगळी. मॅच इंदापूरला खेळवावी, इथपर्यंत. मग म्हणालो, ‘‘हे मला स्वच्छ लागलं होतं. तात्यांच्या अक्षराला काही झालेलं नव्हतं. अध्यक्ष म्हणाले म्हणून मी ही ओळ गाळली, पण गाळली मी. तात्यांनी मैदान भिजवलं नाही, ते तुम्हाला दाखवत होते आणि मी तुम्हाला हसवलं.’’

अध्यक्ष माईक ओढायला आले. मी म्हणालो, ‘‘हात लावाल तर ह्याच माईकवरून उरलेलंही सांगीन.’’ ते मागं सरकले.

मग हातातल्या बादलीनं गर्दी बाजूला सारत तात्या आले. मला वाटलं, आता हे माझ्या पाठीवर हात ठेवणार. त्याचीच भीती होती. ते दोन पायऱ्या चढले आणि इतकी वर्षं मला अहो-जाहो करणारा माणूस गरजला.

‘‘कुणी सांगितलं हुतं तुला हितं बोलायला? उद्या म्याच हाय का तुझं कीर्तन? आपल्या मनाचं घालायचं न्हाय म्हणून किती साल सांगतोय तुला?’’

‘‘तात्या, पण दत्ताला…’’

‘‘दत्त्याला घरी जाऊन सांगायचं. काटेवाडी कुठं मुंबईला हाय का? तीन वर्सं त्याचं घर सापडलं न्हाय व्हय तुला? दर गुरुवारी वही आणून दिली तुला, वाटलं आज बोलंल, उद्या बोलंल. शेवटाला बोललास ते बी लोकांम्होरं. हितं बी टाळ्याच पायजेत व्हय रं?’’

माईक चालू होता. हे सगळं दोन्ही तालुक्यांनी ऐकलं.

रसवंतीकडून दत्ता येत होता. लोकांनी वाट दिली. पाय ओढत तो पायऱ्यांपाशी आला, तात्यांच्या हातातली बादली घेतली आणि म्हणाला, ‘‘चला खाली. पडाल.’’ तीन वर्षांतले पहिले शब्द. तात्या त्याच्या खांद्यावर हात टाकून उतरले. माझ्याकडं दत्तानं बघितलं नाही. अजून बघत नाही. काल दूध आणायला डेअरीत गेलो होतो, त्यानं पावती लिहून पुढं सरकवली.

खाली पोचल्यावर तात्या वळले. ‘‘आता वाच. पयल्यापास्नं. एक अक्षर गाळायचं न्हाय.’’

मी दुरेघीचा पहिला कागद उचलला. ‘बाजाराकडच्या गोलसमोरची जागा उकरून मुरूम भरला आहे. मी तीन बादल्या ओतल्या. पाणी वर थांबलं. गोलकीपरनं पुढं यायला हरकत नाही.’

अक्षर एवढं मोठं होतं की पहिलीतल्या पोरानं लांबून वाचलं असतं. मी तिथं अडखळलो. पुढची ओळ दिसेचना.

‘‘थांबू नको,’’ खालून तात्या म्हणाले.

मी दुसरी ओळ वाचली.